हातावरचे आठ आकडे

१

घड्याळजींची एक चप्पल दारात होती आणि घड्याळजी कामाच्या टेबलाखाली.

वायरवाली उंबऱ्यावरच थबकली. चारला येते म्हणून तिने सांगितलं होतं, आणि चारला दोन मिनिटं कमी होती. खांद्यावर घडीची शिडी, हातात हत्यारांची पिशवी. "काका?" तिने हाक मारली. मग तिला रक्त दिसलं. टेबलावर घड्याळांचे भाग ठोकायची वीतभर लोखंडी ऐरण होती. रक्त तिच्या टोकावर होतं, तिथून टेबलाच्या कडेवरून ओघळून खाली फरशीवर आलं होतं आणि आता काळं पडत चाललं होतं.

डोकं मागून फुटलं होतं. पण म्हातारा तेवढ्याने मेला नव्हता. गळ्याभोवती निळी वायर तीन वेढे देऊन आवळली होती. कातडीत ती इतकी रुतली होती की एका बाजूला नुसती खाच दिसत होती, वायर दिसतच नव्हती. तिचं एक टोक अजून कॉम्प्युटरला जोडलेलं होतं. दुसरं फरशीवर लोळत होतं, त्याची प्लास्टिकची खिट्टी तुटलेली. ही वायर गेल्या आठवड्यात वायरवालीनेच आणून दिली होती.

आणि डावा हात. तो तिला पुढे कित्येक दिवस दिसत राहिला. चार बोटं उलटी, मनगटाच्या दिशेने मोडली होती. तळहात उघडा पडला होता आणि त्यावर निळ्या शाईचा काहीतरी गिचमिड डाग होता.

वीस वर्षं ती इंटरनेट कंपनीत वायरी ओढत होती. खांबावरून पडलेली माणसं पाहिली होती, शॉक लागून काळी ठिक्कर पडलेलीही. पण एका माणसाने दुसऱ्याची ही गत केलेली तिने कधी पाहिली नव्हती. ती ओरडली तेव्हा आपण ओरडतोय हेही तिला कळलं नाही.

शेजारच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. घड्याळजींचा मुलगा बाहेर आला. तो विमा कंपनीचं काम घरूनच करायचा. गळ्यात हेडफोन तसाच लोंबकळत होता. त्याने बापाकडे पाहिलं आणि तो गुडघ्यांवर कोसळला.

"बाबा! अहो बाबा! मॅडम, काय झालं हो हे?"

वरच्या मजल्यावरून भाडेकरू सिस्टर धावत आली. झोपेतून उठलेली, केस मोकळे. ती दवाखान्यात रात्रपाळी करायची आणि दिवसा झोपायची. तिने वाकून म्हाताऱ्याच्या मानेला बोटं लावली आणि नुसती मान हलवली.

तेवढ्यात मागचं दार करकरलं आणि मामा आत आले. घड्याळजींचे मेहुणे. बायको वारली तरी घड्याळजींनी या मेहुण्याला मागच्या खोलीत राहू दिलं होतं. त्यांच्या पांढऱ्या बनियनवर छातीभर रक्त होतं.

२

"तूच मारलंस!" मुलगा उठला तो थेट मामांच्या अंगावर गेला.

पहिला ठोसा तोंडावर बसला. मामा भिंतीवर आपटले, भिंतीवरची तीन घड्याळं खळ्ळकन खाली आली. दुसरा ठोसा पोटात. मामा वाकले तसं त्याने त्यांना केसांना धरून अंगणात फरफटत नेलं. "माझ्या बापाचं खाऊन माझ्या बापाला मारतोस?" असं ओरडत तो लाथा घालत राहिला. सत्तरीचा माणूस, पोटाशी गुडघे घेऊन पडलेला. वायरवालीने मुलाची कंबर मागून धरली, पण तिला त्याने झटकून दिलं. मामांनी डोकं वाचवायला हात वर केला, आणि त्या हातावर त्याची टाच पडली. हाड मोडल्याचा आवाज फाटकापर्यंत गेला.

शेवटी सिस्टरने पाण्याची बादली उचलून त्याच्या तोंडावर फेकली. तेव्हा तो थांबला, खाली बसला आणि हुंदके देऊन रडू लागला.

फौजदार आले ते अर्ध्या तासाने. जाडजूड, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, कमी बोलणारा माणूस. त्यांनी प्रेत पाहिलं, मामांचा बनियन पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी आलं.

"सकाळी यांचं भांडण झालं होतं म्हणे?"

"रोजच व्हायचं," मुलगा म्हणाला. "मामा दिवसभर फोनवर कुस्त्या बघतात. त्यांच्यामुळेच नेट मंद होतं, असं बाबा म्हणायचे. आज सकाळी मामा म्हणाले, एक दिवस तुमचा गळाच आवळतो बघा."

"म्हणालो," मामा जमिनीकडे बघत म्हणाले. मोडलेला हात सिस्टरने लाकडी पट्टीला बांधला होता. "पण तसं आम्ही चाळीस वर्षं एकमेकांना म्हणत आलोय, साहेब."

"आणि हे रक्त?"

"साडेतीनला आत गेलो. हे पडलेले. उचलून मांडीवर घेतलं. मेलेत हे कळलं, तशी पाचावर धारण बसली. सगळे मलाच धरणार. मागे जाऊन संडासात कडी लावून बसलो." मामांनी मान वर केली. "भ्यालो. मारलं नाही."

"घ्या गाडीत," फौजदार हवालदाराला म्हणाले.

पण मामांना धरून नेताना ते वळून म्हणाले, "दुपारपासून ते मेलं नेटही बंद होतं. बंद पडलं म्हणूनच तर मी भांडायला आत गेलो!" आणि तिच्या मनात काहीतरी खटकलं.

"साहेब," ती म्हणाली, "दोन वीसपर्यंत मी काकांशी फोनवर बोलत होते. त्यांनी मला काय सांगितलं, ते आधी ऐका. मग न्या त्यांना."

३

फौजदारांनी तिला अंगणातल्या बाकावर बसवलं.

"सांगा, बाई. थोडक्यात."

"थोडक्यात नाही येणार, साहेब. तीन आठवड्यांची तक्रार आहे."

म्हाताऱ्याची नात दूरच्या शहरात होती. दर दुपारी तीनला ती आजोबांशी कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळायची, समोरासमोर बोलत. तीन आठवड्यांपासून दुपारी एक ते चार चित्र अडकायचं, आवाज तुटायचा, साधं पानही उघडायचं नाही. सकाळी सगळं ठीक, संध्याकाळी ठीक. वायरवालीने खांबापासून घरापर्यंतची लाइन तपासली, वेग पुरेपूर होता. राउटर, म्हणजे नेट घरभर वाटणारा तो डबा, कपाटामागून काढून उघड्यावर ठेवला. ब्राउझरमधला साठलेला कचरा साफ केला, दुसरा ब्राउझर घालून पाहिला. उपयोग शून्य. मग वायरलेसचा दोष नको म्हणून ती निळी वायर दिली: कॉम्प्युटर थेट राउटरला जोडा. तरी दुपारचं रडगाणं चालूच.

"म्हणजे घरातलंच कोणीतरी सगळा वेग गिळत होतं," ती म्हणाली. "मामांच्या कुस्त्यांनी एवढं होत नाही. बघण्यात माल बाहेरून आत येतो. इथे आतून बाहेर काहीतरी चाललं होतं, भरभरून. आज त्यांचा फोन आला. या घरात मोबाइलला रेंज नाही, म्हणून ते भिंतीवरच्या जुन्या फोनवरून बोलायचे. मी म्हटलं, काका, वायफायचा पासवर्डच बदला. सगळे बाहेर पडतील, तुमचा कॉम्प्युटर तेवढा वायरीवर राहील. मग वेग बघा."

"आणि?"

"दोन एकोणीसला बदलला. 'थांब पोरी, आठ आकडे आहेत, हातावर लिहून घेतो,' म्हणाले. आकडा दिसला की तळहातावर लिहायची सवय होती त्यांना. मग एकदम ओरडलेच, 'अगं, पळायला लागलं की!' मी म्हटलं, आता मी येईपर्यंत पासवर्ड कोणालाही देऊ नका. ते म्हणाले, कोणालाच देत नाही, आणि चोर कोण ते यादीत बघतोच." तिने घराच्या दाराकडे पाहिलं. "बघू नका, असं म्हणायला हवं होतं मी."

फौजदारांनी डोळे चोळले. मग त्यांनी मुलाला बोलावलं.

"तुम्ही दुपारी कुठे होतात?"

"माझ्या खोलीत, साहेब. जेवण झाल्यापासून ऑनलाइन. दोन पन्नासला ऑफिसची मीटिंग होती, ती चारपर्यंत चालली. कानात हेडफोन. काही ऐकूच आलं नाही." त्याचे डोळे भरले. "दहा पावलांवर होतो मी."

"नेट चालत होतं?"

"छान चालत होतं. आज पहिल्यांदाच अडकलं नाही."

फौजदारांनी फाटकाबाहेर जाऊन त्याच्या ऑफिसला फोन लावला. हो, दोन पन्नासला तो मीटिंगमध्ये हजर होता, चेहरा दिसत होता, हिशोबही त्यानेच मांडला. थोडा दमलेला वाटला, एवढंच.

सिस्टरला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी झोपले होते. अडीचला पाणी प्यायला उठले, फोन बघितला तर पासवर्ड चुकीचा दाखवत होता. परत झोपले." मग थोडी घुटमळली. "काका देवमाणूस होते, साहेब. आणि दादाही. तीन आठवड्यांपूर्वी माझा चार्जर जळला, तर नवा आणून लावून दिला. पैसेही घेतले नाहीत."

'दादा' म्हणजे घड्याळजींचा मुलगा.

वायरवाली उठून उभी राहिली. "साहेब, मला तो राउटर उघडून बघू द्या. आत्ता. कोणी बंद करायच्या आत."

४

प्रेत हलवलं होतं. फरशीवर खडूची रेघ आणि रक्त तेवढं उरलं होतं. राउटर कोपऱ्यातल्या फळीवर लुकलुकत होता, जणू काही झालंच नाही.

वायरवालीने स्वतःचा लॅपटॉप जोडला. राउटर दिवसभराची नोंद ठेवतो, कोण आलं, कोण गेलं, कोणाला दार उघडलं नाही. माणसांना ते माहीत नसतं. तिने यादी वर सरकवली.

"हे बघा. दोन एकोणीस, पासवर्ड बदलला. दोन वीसपासून चार यंत्रं दार ठोठावतायत. यंत्राला जुना पासवर्ड पाठ असतो, ते बिचारं तोच परत परत सांगत राहतं. हा मामांचा फोन. हा सिस्टरचा. हा मुलाचा लॅपटॉप. आणि हे चौथं."

"ते कोणाचं?"

"नाव नाही. नुसता नंबर." तिने बोट खाली नेलं आणि ते थांबलं. "दोन सदतीस. एक नंबरचं भोक रिकामं झालं."

"म्हणजे?"

"वायर उपटली, साहेब. खिट्टी तुटेपर्यंत ओढली. तीच वायर." तिला गळ्याभोवतीचे वेढे आठवले. "दोन सदतीसला ती काकांच्या गळ्यात पडली."

फौजदार पहिल्यांदाच खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. डॉक्टर त्यांना दोन ते साडेतीनच्या मध्ये कधीतरी, एवढंच सांगून गेला होता. इथे मिनिट होतं.

वायरवाली पुढे वाचत गेली. एका ओळीशी येऊन तिने ती दोनदा वाचली, तिसऱ्यांदा वाचली. पण तिने फौजदारांना काही सांगितलं नाही. आधी ते चौथं यंत्र हवं होतं.

"ते अजून ठोठावतंय," ती हळूच म्हणाली. "दर दहा सेकंदांनी. आत्ताही. म्हणजे ते याच घरात आहे आणि चालू आहे."

पिशवीतून तिने सिग्नल मोजायचं यंत्र काढलं आणि चौथ्याचा नंबर त्यात टाकला. काटा खालच्या खोलीत अर्ध्यावर होता. मामांच्या खोलीत तो पडला. मुलाच्या दाराशी तर आणखी पडला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तो चढला. दहाव्या पायरीवर टोकाला टेकला.

वर एकच खोली होती.

५

सिस्टर दारात उभी होती. "माझ्या खोलीत काय बघायचंय?"

"तुमचा दोष नाही, ताई," वायरवाली म्हणाली. "पलंगासमोरच्या भिंतीवर काय काय आहे?"

काही नव्हतं. आरसा, खुंटीला गणवेश, आणि विजेच्या बटणांच्या पाटीत खोचलेला पांढरा चार्जर. काटा त्या चार्जरपाशी थरथरत राहिला.

वायरवालीने तो उपटला, खिडकीशी नेला आणि बारीक पेचकसाने फोडला. आत हिरव्या पट्टीवर मोहरीएवढी काच होती. चार्जरच्या तोंडाला सुई जाईल एवढं भोक, आणि ते भोक पलंगाकडे रोखलेलं.

सिस्टर त्या काचेकडे बघत राहिली. मग तिने पलंगाकडे पाहिलं, मग खुंटीवरच्या गणवेशाकडे, परत काचेकडे. एक ते चार. तिची झोपायची वेळ, कपडे बदलायची वेळ. तीन आठवडे. तिने तोंडावर हात दाबला, धावत मोरीत गेली, आणि आतून ओकाऱ्यांचा आवाज येत राहिला.

"हे चालू असलं की चित्र सारखं बाहेर जातं," वायरवाली फौजदारांना म्हणाली. "तेच सगळा वेग गिळत होतं. म्हातारा नातीशी खेळता यावं म्हणून धडपडत होता आणि नेमका यावर येऊन आदळला."

"लावला मुलाने," फौजदार दात आवळून म्हणाले. "पण बाई, कोर्टात तो म्हणेल मला काय ठाऊक, मी बाजारातून चार्जर आणला. कॅमेऱ्याने खून सिद्ध होत नाही. आणि दोन पन्नासला तो ऑफिसच्या पडद्यावर होता."

"त्यानेच तर तो फसलाय," वायरवाली म्हणाली. "सगळ्यांना खाली बोलवा. मामांनाही. मी त्याला एकच प्रश्न विचारते."

६

मामा भिंतीला टेकून बसले, मुलगा टेबलाशी, सिस्टर दारात. तिचा चेहरा धुतलेल्या कपड्यासारखा पांढरा होता. फौजदार खिडकीशी. कॅमेऱ्याचं कोणीच काही बोललं नाही. तो वायरवालीच्या खिशात होता.

"दादा," तिने विचारलं, "दोन पन्नासची मीटिंग घरच्याच नेटवर केलीत ना?"

"हो. इथे मोबाइलला रेंज कुठे आहे?"

"मग नवा पासवर्ड तुम्हाला कुठून मिळाला?"

"बाबांनी सांगितला. बदलल्या बदलल्या. मी दारातून ओरडून विचारलं, ते ओरडून म्हणाले."

"किती वाजता?"

"अडीचच्या आधी. दोन पंचवीस असतील."

"नक्की?"

"नक्की. नाहीतर मी काम कसं करत होतो?"

वायरवालीने लॅपटॉप फौजदारांकडे वळवला.

"साहेब, यांचा लॅपटॉप दोन वीसला बाहेर पडला. दोन पंचवीसला जुनाच पासवर्ड सांगत होता. दोन तीसलाही. दोन सदतीसला काकांच्या गळ्यात वायर पडली. दोन एकेचाळीसला यांनी स्वतः हाताने टाकून पाहिला. एकदा काकांची जन्मतारीख, एकदा नातीचा वाढदिवस असेल, काय असेल ते. पाच वेळा टाकला, पाचही वेळा चुकला. दोन सेहेचाळीसपर्यंत यांना पासवर्ड माहीत नव्हता. आणि दोन एकोणपन्नासला पहिल्याच झटक्यात बरोबर. एका मिनिटाने मीटिंग." तिने मुलाकडे पाहिलं. "काका बारा मिनिटांपूर्वी मेले होते, दादा. पासवर्ड सांगितला कोणी?"

खोलीत सगळी घड्याळं टिकटिकत होती.

"कागदावर होता," तो म्हणाला. "टेबलावर..."

"कागद नाही. हातावर होता. ते सगळं हातावरच लिहायचे, आणि हे तुम्हाला लहानपणापासून माहीत. मारताना नवा पासवर्ड आपल्या हाती नाही हे तुमच्या ध्यानात आलं नाही. खोलीत परत गेलात, मीटिंग लागेना, आणि मीटिंग तर लागलीच पाहिजे होती. मग परत आलात. मेलेल्या माणसाची मूठ घट्ट वळलेली. उघडेना." ती टेबलावरून पुढे वाकली. "म्हणून एकेक बोट मोडलंत. आपल्या बापाचं!"

मामांच्या घशातून जनावरासारखा आवाज निघाला.

मुलगा रडला नाही. टेबलावर घड्याळजींचे पेचकस ओळीने लावलेले होते. त्यातला सगळ्यात लांब कधी त्याच्या मुठीत आला ते कोणाला दिसलंच नाही. तो वायरवालीवर झेपावला. तिने तोंडासमोर हात धरला आणि पेचकस तिच्या तळहातातून आरपार गेला. लॅपटॉप उडाला, ती खुर्चीसकट मागे कोसळली. त्याने पेचकस खेचून काढला आणि परत उगारला, या वेळी नेम गळ्यावर. मामांनी बसल्या बसल्याच पाय आडवा घातला, तो अडखळला, आणि सिस्टरने टेबलावरची ऐरण दोन्ही हातांनी उचलून त्याच्या डोक्यात घातली.

तो आडवा झाला. कानामागून रक्ताची धार लागली. तिने ऐरण परत उचलली.

"सिस्टर!" फौजदार ओरडले. त्यांनी तिचं मनगट धरलं, तरी ती सोडेना. "सिस्टर, पुरे. आता तो माझा आहे."

७

बेड्या पडल्यावर तो बोलला. फरशीवर पाठ टेकून, छताकडे बघत, सपाट आवाजात. घरभरचं नेट गेलं तसा वरचा कॅमेराही गेला, म्हणून तो विचारायला बाहेर आला. बापाच्या समोर यादी उघडी होती. बापाने बिननावाच्या यंत्रावर बोट ठेवलं आणि म्हणाला, तीन आठवड्यांपूर्वी चार्जरचा एक बारीक स्क्रू माझ्याकडून बसवून घेतलास, आत काच होती, मी विचारलं तर ऑफिसचं आहे म्हणालास. सांग, कुठे लावलंस? म्हाताऱ्याने त्याच्या थोबाडीत मारली. मग बाप जिन्याकडे वळला आणि सिस्टरला हाक मारायला त्याने तोंड उघडलं.

"हाक मारू द्यायची नव्हती," तो म्हणाला. "तेवढंच."

रक्ताचा शर्ट गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत सापडला. दुपारपासून सगळं घर तेच पाणी पीत होतं.

फौजदार मामांसमोर उभे राहिले. म्हणाले, "माझ्या गाडीतून दवाखान्यात चला. पुढे बसा." मामा उठले, पण दाराशी थांबले. "याला मी खांद्यावर घेऊन फिरवलाय हो," असं म्हणून ते भिंतीला धरून रडू लागले.

सिस्टरने आपली पेटी आणली होती. वायरवालीचा हात तिने मांडीवर घेतला, जखम धुतली, कापूस दाबला, पट्टी बांधली. काम संपल्यावर ती पेटी बंद करू लागली आणि थांबली. कोपऱ्यात मुलगा बसला होता. हातात बेड्या, कानामागून रक्त अजून गळतच होतं, सदऱ्याची कॉलर भिजली होती.

"दवाखान्यात करतील त्याचं," फौजदार म्हणाले. "तुम्ही नका."

ती उठली, त्याच्यामागे जाऊन बसली, जखमेवरचे केस कापले, ती धुतली आणि पट्टी आवळली. तो पुटपुटला, "ताई, मी..." तिने पट्टीची गाठ मारली आणि उठली. मग बाहेरच्या नळाशी जाऊन ती हात धुऊ लागली. मनगटापर्यंत, कोपरापर्यंत, परत मनगटापर्यंत. साबण संपला तरी धूतच होती. शेवटी वायरवालीने नळ बंद केला.

"कुठे जाणार?" तिने विचारलं.

"माहीत नाही. इथे नाही."

"माझ्याकडे चला. एक खोली रिकामी आहे."

वायरवालीच्या घरी पोचल्यावर सिस्टर खोलीच्या मधोमध उभी राहिली. तिने बटणांची पाटी पाहिली, दिवा पाहिला, पंखा पाहिला, आणि बसलीच नाही. वायरवालीने पिशवी उघडली. एका हाताने तिने पाटीचे सगळे स्क्रू काढले आणि आतल्या वायरी एकेक करून दाखवल्या. दिवा उतरवून दाखवला. आरसा भिंतीवरून काढून उलटा ठेवला. मग तिने सिग्नलचं यंत्र सिस्टरच्या हातात दिलं आणि कसं बघायचं ते शिकवलं. सिस्टर सगळी खोली फिरली. दोनदा फिरली. काटा हलला नाही.

सात वाजता ती कपड्यांनिशी आडवी झाली.

"दार बाहेरून लावू?" वायरवालीने विचारलं.

"नको. उघडंच राहू दे. तुम्ही दिसाल अशा बसा."

वायरवालीने दाराबाहेर खुर्ची ओढली. तळहात ठणकत होता. थोड्या वेळाने तिचा फोन वाजला. कंपनीचा होता, कुठेतरी कोणाचं तरी नेट बंद पडलं होतं. तिने फोन बंद केला, आणि आतल्या बाईचा श्वास एका लयीत लागेपर्यंत ती तिथून हलली नाही.